तिरकी अक्षरं आणि कोऱ्या पाचरी

मित्रांनो, मी एक जुना टाइप आहे. टाइप म्हणजे छपाईच्या अक्षरांचा एक पूर्ण संच, एकाच घरातली, एकाच चेहऱ्यामोहऱ्याची अक्षरं. मी जाड आहे, चिंचोळा आहे आणि तिरका आहे. शिवाय इंग्रजी अक्षरांना असतात तशी माझ्या प्रत्येक दांड्याच्या टोकाला बारीकशी पावलं आहेत. माणसाला कुणी जाड, चिंचोळा आणि तिरका म्हटलं तर तो भांडायला उठेल. मला मात्र या तिन्हींचा अभिमान होता. होता म्हणतो, कारण सध्या मी इंदूरमधल्या एका कॉफीच्या दुकानात भिंतीला चिकटवलेला आहे, आणि तिथं अभिमानाला फारसं काम नसतं.

आधीच सांगून ठेवतो, मला हळू बोलता येत नाही. मी मथळ्याचा टाइप. मजकुराची बारीक अक्षरं वेगळी असतात, ती पानभर गुलुगुलु बोलतात. मी आयुष्यभर 'चलो महू', 'विराट सभा', 'कुस्तियाँ' आणि 'आज आखिरी दिन' एवढंच ओरडत आलो. सलग वाक्यं बोलायची ही माझी पहिलीच वेळ आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

माझा जन्म इंदूरजवळच्या महूचा. तिथल्या लष्करी छावणीच्या वर्कशॉपमध्ये चांगदेव नावाचे एक सुतार होते. निकामी झालेल्या बंदुकांचे लाकडी दस्ते तिथं ढिगानं पडलेले असत. एका वर्षी चांगदेवांनी ते दस्ते भंगाराच्या लिलावात रीतसर घेतले आणि पोत्यात भरून घरी आणले. अक्रोडाचं लाकूड ते, घट्ट आणि गुळगुळीत. बायको म्हणाली, "आता बंदुका घरात मांडणार का?" बोलणं चांगदेवांना जमत नसे, कोरणं जमत असे.

त्यांच्या मनात सल होता तो एका कागदाचा. त्या वर्षी वस्तीनं बाबासाहेबांच्या जयंतीचा कागद शहरातल्या एका छापखान्यातून छापून आणला होता. छापखानेवाल्यानं मोठा टाइप लग्नाच्या कामात अडकलाय असं सांगितलं आणि सगळा मजकूर किडमिड्या अक्षरांत उरकला. भिंतीवर कागद लागला तेव्हा वाचण्यासाठी लोकांना त्याला नाक लावावं लागत होतं. चांगदेव त्या भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. त्यांना राग आला होता, आणि रागावलेल्या माणसानं हातात पटाशी घ्यावी तशी त्यांनी घेतली.

माझा चेहरा त्यांनी पाहिला तो छावणीतल्या क्लबाच्या दारावर. तिथं फुटबॉलच्या सामन्याची इंग्रजी जाहिरात लागली होती. तिची अक्षरं भरदार, अंग चोरून उभी राहिलेली आणि पुढं झुकलेली होती. चांगदेवांनी मनाशी ठरवलं की आपली देवनागरी याच चालीनं चालवायची. जाड, म्हणजे रस्त्याच्या पलीकडून दिसेल. चिंचोळी, म्हणजे लहान कागदावर लांब नाव मावेल. तिरकी का, हे बायकोनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "जो चालायला निघालाय तो माणूस जरा पुढं झुकलेला असतो."

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण माझं सगळं दुःख तिच्यातच आहे. साधी अक्षरं चौकोनी ठोकळ्यांवर कोरतात. मी इतका तिरका की चौकोनी ठोकळ्यावर बसवलं तर दोन अक्षरांमध्ये फट राहायची आणि वरची रेघ तुटायची. म्हणून चांगदेवांनी माझे ठोकळेच तिरके कापले, कललेल्या विटेसारखे. ते एकमेकांना छान चिकटून बसत. पण तिरक्या ठोकळ्यांची ओळ चौकटीत घट्ट आवळायला गेलं की सगळी एका अंगाला घसरून पडे. त्यावर त्यांनी तोड काढली. ओळीच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक अशा तिकोनी लाकडाच्या पाचरी बसवल्या. पाचर तिरकेपण स्वतःकडे घेई आणि चौकटीकडे सरळ पाठ करून उभी राही. तिच्यावर अक्षर नाही, ठिपका नाही, काही नाही. ती कागदावर कधीच दिसत नसे.

मीही तिच्याकडे कधी पाहिलं नाही. मला वाटायचं मी माझा मीच उभा आहे.

संच पूर्ण होत आला तेव्हा चांगदेवांना मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं रत्नपाल. नाव ठेवल्याच्या दुसऱ्याच दिवशी चांगदेवांनी एक जास्तीचा ठोकळा घेतला आणि त्यावर 'त्न' हे जोडाक्षर कोरलं. बायको म्हणाली, "हे अक्षर रोज कुठं लागतं? कशाला लाकूड वाया घालवता?" चांगदेव म्हणाले, "लागेल एक दिवस." माझ्या सगळ्या अक्षरांमध्ये त्याच एका ठोकळ्यावर त्यांनी सर्वांत जास्त वेळ घालवला.

रत्नपाल मोठा झाला आणि त्यानं इंदूरच्या सांवेर रोडवर एका पत्र्याच्या शेडमध्ये छापखाना काढला. पायानं चालवायचं मशीन, एक लांब टेबल, शाईचे डबे आणि मी. कारखान्यांच्या पावत्या आणि लग्नपत्रिका यांवर पोट चालायचं. पण कुणाला काही जोरात सांगायचं असेल तर तो रत्नपालकडे येई. "भिया, वो तिरछा वाला लगाना," एवढंच म्हणे. कुस्तीचे फड, कविसंमेलनं, मोर्चे, गणपतीतली नाटकं, सगळीकडे मी. हिंदी काय आणि मराठी काय, मला दोन्ही सारखीच. फक्त 'ळ' बिचारा मराठीच्या कामातच बाहेर यायचा, त्यामुळे त्याचा चेहरा अजूनही कोरा करकरीत आहे.

लोक माझी तारीफ करत. इंदूरचा माणूस पोह्यांची आणि शेवेची तारीफ करतो त्याच तोंडानं करत. मी फुगून जायचो. एकदा एक गृहस्थ रत्नपालला म्हणाले की तुझ्या टाइपात साधं 'सूचना' छापलं तरी हुकूम वाटतो. ते ऐकून मी आठवडाभर हवेत होतो.

वर्षातला माझा खरा दिवस मात्र चौदा एप्रिलचा. आदल्या दुपारी सुदामा नगरहून आणि महूहून सगळं घर शेडमध्ये जमायचं. घरातल्या ज्या मुलाला नुकतं वाचता येऊ लागलंय त्यानं पहिलं अक्षर लावायचं, असा रिवाज होता. रत्नपालची बायको जया पाचरी बसवायची, कारण तिचा हात हलका होता. काम झालं की तीच मला रॉकेलनं धुवायची आणि जुन्या साडीनं पुसायची. पहिला कागद दुसऱ्या दिवशी पहाटे महूला जायचा आणि खळ लावून त्याच जुन्या भिंतीवर चिकटवला जायचा, जिथं कधीकाळी लोकांना नाक लावावं लागलं होतं. रत्नपालची मुलगी धम्मदीना माझ्यावरूनच अक्षरं शिकली. मी उलटा कोरलेला, त्यामुळे शाळेत गेल्यावर तीही काही दिवस उलटंच लिहायची आणि बाई डोक्याला हात लावायच्या.

बाबासाहेबांना भारतरत्न मिळालं त्या वर्षीची जयंती मी विसरू शकत नाही. त्या वर्षी 'त्न'ला उसंत नव्हती. चांगदेव तेव्हा म्हातारे झाले होते, खुर्ची टाकून मशीनजवळ बसले होते. पहिला कागद निघाला तेव्हा त्यांनी तो गुडघ्यावर ठेवला आणि त्या अक्षरावरून बोट फिरवलं. शाई ओली होती, बोट काळं झालं. त्यांनी ते दिवसभर धुतलं नाही.

चांगदेवांचा एक नेम होता. आपलं नाव आपण मोठं छापायचं नाही. आपलं नाव दुसऱ्यानं छापायचं, तेही आपण गेल्यावर. म्हणून छापखान्याचं नावसुद्धा प्रत्येक कागदाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत असे. चांगदेव वारले तेव्हा रत्नपालनं त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्या माणसाच्या स्मरणविधीच्या, कागदावर त्यांचं नाव माझ्या अक्षरांत छापलं. रडत रडत छापलं. पहिला कागद महूच्या भिंतीवर लागला आणि दिवसभर लोक थांबून वाचत राहिले. ज्यानं मला घडवलं त्याचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं. एवढं मोठं काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही.

मग दिवस फिरले. कॉम्प्युटर आला, फ्लेक्स आला. नेत्याचा हसरा चेहरा रात्रीतून घराएवढा छापून मिळू लागला, तिथं मला कोण विचारणार? मशीनवर धूळ बसली. रत्नपाल दुसऱ्याच्या प्रेसमध्ये नोकरीला लागला, पण शेड त्यानं सोडली नाही. जयंतीचा कागद तेवढा दरवर्षी निघे. मुलं मोठी झाली. धम्मदीना बँकेत लागली, तिची बदली होत होत भोपाळला गेली. धाकटा ज्ञानदीप इथंच एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो. जयंतीला येणारी माणसं कमी कमी होत गेली आणि पहिलं अक्षर लावायला कुणी नवं वाचणारं उरलं नाही.

शेवटच्या जयंतीला शेडमध्ये फक्त रत्नपाल, जया आणि धम्मदीना होती. रत्नपालला तेव्हाच धाप लागत होती. मला तेलाचा हात देता देता तो म्हणाला, "दीना, एक काम करशील?"

"बोला ना पप्पा."

"मी गेलो की माझं नाव यातच छाप. फ्लेक्स-बिक्स नको. दादांचं छापलं होतं ना मी, तसंच. एक कागद निघाला तरी बस आहे."

"पप्पा, ऐसी बात नका करू."

"अगं, लोकांची नावं छापता छापता जिंदगी गेली माझी. माझ्या नावासाठी दादांनी वेगळं अक्षर कोरून ठेवलंय. ते एकदा तरी त्याच्या जागेवर बसू दे." एवढं बोलून तो हसला आणि खोकत बसला.

मी ते ऐकलं आणि खरं सांगतो, मला भीती वाटली. 'त्न' तर थरारलाच असेल.

रत्नपाल जानेवारीच्या थंडीत गेला. दवाखान्यात गेला, फार हाल होऊन गेला. शेडच्या मालकाला जागा महिनाअखेर रिकामी हवी होती. सगळा भार ज्ञानदीपवर पडला. आठवडाभर तो ऑफिस सुटलं की येई आणि एकटाच आवराआवर करी. मशीन भंगारवाला घेऊन गेला. माझ्यासाठी मात्र ज्ञानदीपला एक चांगलं गिऱ्हाईक मिळालं होतं. अबोली नावाची एक बाई होती, दुकानांची सजावट करणारी. ती पुण्याहून इथं आलेली. तिनं मला हातात घेतलं आणि ती अगदी मनापासून म्हणाली, "काय देखणी अक्षरं आहेत हो! अशी वळणं आता कुठं बघायला मिळतात? मी यांना भिंतीवर छान मानानं लावीन." ज्ञानदीपनं शब्द दिला. मी कुणाच्या चुलीत जाणार नाही याचं त्याला समाधान वाटलं, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

ज्या दिवशी अबोलीचा टेम्पो यायचा होता, त्या दुपारी धम्मदीना आणि जया शेडमध्ये आल्या. धम्मदीनाच्या हातात कोऱ्या कागदांची गुंडाळी होती. दुसऱ्या दिवशी पुण्यानुमोदन होतं.

"मशीन कुठंय?" धम्मदीनानं दारातच विचारलं.

"ताई, ते तर मंगलवारीच गेलं," ज्ञानदीप म्हणाला. "मी सांगितलं होतं ना फोनवर."

"ठीक आहे. हातानं काढू. रूळ आहे, शाई आहे. ज्ञाना, टेम्पोवाल्याला जरा थांबव."

शाईच्या डब्यावर साय धरली होती. ती काढल्यावर खाली शाई जिवंत निघाली. धम्मदीनानं पेटीतून 'र' काढला, 'त्न' काढला, 'पा' काढला, 'ल' काढला. तिनं ते चौघं टेबलावर उलट्या क्रमानं शेजारी शेजारी ठेवले, आणि बंदुकीच्या त्या दस्त्यांमधून पहिल्यांदाच ते नाव तयार झालं. इतकी वर्षं मी एका घरात राहिलो, आणि त्या घरातल्या माणसाचं नाव मला ठाऊक असूनही कधी उच्चारायला मिळालं नव्हतं. आता फक्त ओळ आवळायची होती.

"पाचरी कुठायत?" जयानं विचारलं.

"कोणत्या?"

"तिकोनी लाकडं रे. त्या पत्र्याच्या डब्यात राहायची."

ज्ञानदीपचा चेहरा पडला. "ती? आई, त्याच्यावर तर काहीच नव्हतं. एकदम कोरी लकडी. मी अक्षरवाले ठोकळे सगळे छाँटून पेटीत ठेवले, एक पण नाही सोडला. ती मला लगा कबाड आहे. चौकीदार मांगत होता तापायला, त्याला देऊन टाकली."

धम्मदीना चपला न घालताच बाहेर पळाली. चौकीदार फाटकाशी विडी ओढत बसला होता. तिनं विचारलं तेव्हा तो उठून उभा राहिला आणि भाबडेपणानं म्हणाला, "अरे दीदी, वो तो उसी दिन जल गईं. बहुत बढ़िया जलीं. तेल पिया हुआ था ना."

तेल रत्नपालनं पाजलं होतं, दरवर्षी, स्वतःच्या हातानं.

ती परत आली आणि ज्ञानदीपसमोर उभी राहिली. "तुला एक फोन नाही करता आला मला?"

"फोन?" ज्ञानदीपचा आवाज चढला. "ताई, तू होतीस का इथं? पप्पांचं हॉस्पिटल मी, ऑफिस मी, शेड पण मी. मला काय मालूम कोरं लाकूड पण कामाचं असतं! पप्पांनी कधी सांगितलं मला? मला तर मशीनला हात पण लावू दिला नाही, बोलले तू पढाई कर."

हेही खरं होतं. जया नुसती टेबलावरच्या त्या चार अक्षरांकडे बघत होती.

मग त्यांनी काय काय करून पाहिलं! पुठ्ठा घडी करून टोकांना ठेवला, तो दबला. विटेचा तुकडा ठेवला, तो बसला नाही. ज्ञानदीपनं ओळखीच्या सुताराला फोन लावला, तो म्हणाला उद्या बघू, आणि तिरकेपण किती ते माप आधी पाठवा. माप कुणाकडे होतं? चांगदेवांनी ते डोळ्यांनी घेतलं होतं आणि डोळे घेऊन ते निघून गेले होते. तिसऱ्यांदा आवळायला गेले तेव्हा सगळी ओळ घसरली आणि 'त्न' टेबलावरून खाली फरशीवर पडला. त्याच्या पायाचं एक टोक उडालं. जयानं तो तुकडा शोधला, सापडला नाही. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवू लागला होता.

मित्रांनो, मी ओरडण्यासाठी जन्मलेला टाइप. त्या क्षणी मला ओरडावंसं वाटत होतं की थांबा, मला इथून नेऊ नका, एवढं एक नाव घेऊ द्या. पण शाई आणि कागद यांच्याशिवाय मला आवाज नाही. तेव्हाच मला समजलं की मी कधीच माझा मी उभा नव्हतो. माझ्या प्रत्येक आरोळीच्या दोन्ही बाजूंना कुणीतरी मुकाट्यानं अंग लावून उभं होतं, आणि मी त्यांचं नावही कधी विचारलं नव्हतं.

शेवटी जया उठली. तिनं पदर खोचला. "बाजूनं हात लावा," ती म्हणाली. "दोघं दोन बाजूंनी. अंगठ्याच्या मुळानं दाबून धरा. मी वाटी फिरवते."

जेवणाच्या डब्यातली स्टीलची वाटी तिनं रिकामी केली. धम्मदीनानं रूळ फिरवून मला शाई लावली. मग ती 'र'च्या बाजूला बसली आणि ज्ञानदीप 'ल'च्या. बहीणभावांनी दोन टोकांना तळहात असे तिरके लावले की ओळ उभी राहिली. जयानं वरून कागद अलगद सोडला आणि वाटीच्या बुडानं तो घासायला सुरुवात केली, हळूहळू, सगळीकडे सारखा दाब देत. ठोकळ्यांच्या कडा त्यांच्या हातांत रुतत होत्या. ज्ञानदीपनं दुसऱ्या हातानं आपलं मनगट आवळून धरलं.

"सोडू नकोस ज्ञाना," धम्मदीना म्हणाली.

"नाही सोडत. तू आईला बोल, जल्दी नको करू. आराम से."

जयानं कागद उचलला. 'रत्नपाल'. रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल असं, काळंभोर, पुढं झुकलेलं. 'त्न'च्या पायाशी एक पांढरा ओरखडा राहिला होता. आणि ओळीच्या दोन्ही टोकांना, जिथं पाचरी कधी काहीच उमटवत नसत, तिथं या दोघांच्या बोटांचे काळे डाग उमटले होते. जया तो कागद दोन हातांत धरून उभी राहिली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोठ्यानं रडली.

दुसरा कागद काढायला गेले तेव्हा ज्ञानदीपचा हात सुटला आणि ओळ पसरली. मग कुणी पुन्हा प्रयत्न केला नाही. धम्मदीनानं हळूच विचारलं, "आई, ही चार अक्षरं ठेवून घेऊ का आपण?" जया म्हणाली, "नको. पेटीतून चार काढली तर बाकीची अधुरी राहतील. दादांनी एकसाथ घडवलीत, एकसाथ राहू दे." तिनं मला शेवटचं धुतलं आणि साडीच्या तुकड्यानं कोरडं केलं. ज्ञानदीपनं पेटी टेम्पोत चढवली. त्याच्या नखांत शाई तशीच होती.

एकसाथ राहू दे, असं ती म्हणाली होती. अबोलीनं दिलेला शब्द पाळला, मला मानानंच लावलं. पण तिला माझं वाचन नको होतं, वळण हवं होतं. त्यामुळे मी आता दोन भिंतींवर विखुरलेला आहे. 'र' हात धुवायच्या बेसिनजवळ, 'ल' कॉफीच्या मशीनवर, 'पा' कुठंतरी छताशी. 'ळ' आडवा लावलाय आणि मुलंमुली त्याच्याखाली बसून फोटो काढतात. फुटका 'त्न' झाडाच्या कुंडीमागे आहे. सगळे पक्क्या गोंदानं चिकटलेले. उलटी अक्षरं कुणी वाचत नाही, आणि वाचली तरी त्यांतून काही निघत नाही.

मागच्या महिन्यात धम्मदीना आणि ज्ञानदीप इथं आले होते. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. कॉफी आली, निवली. ज्ञानदीप सांगत होता की पुण्यानुमोदनाच्या पहाटेच त्यानं तो कागद महूला नेला आणि खळ लावून त्या भिंतीवर चिकटवला. त्याच्यादेखत एक म्हातारा सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "ये तो चांगदेवजी का टाइप है." पण आठवड्यानं ज्ञानदीप परत गेला तेव्हा कागद दिसला नाही.

"आता तिथं कोचिंगवाल्याचा फ्लेक्स लागलाय," तो म्हणाला. "पूर्ण भिंत झाकून गेली, ताई."

धम्मदीना हात धुवायला म्हणून उठली आणि बेसिनजवळ थांबली. तिथं तिला 'र' दिसला. तिनं ओल्या हातानंच त्याच्या बाजूला तळहात लावला, अंगठ्याच्या मुळानं, तसाच तिरका. ज्ञानदीप तिच्याकडे बघत होता. मग तोही उठला, भिंतीवर शोधत शोधत कॉफीच्या मशीनपर्यंत गेला आणि 'ल'ला दुसऱ्या बाजूनं हात लावून उभा राहिला. दोघांच्या मध्ये सबंध दुकान होतं, टेबलं होती, हसणारी माणसं होती. दोघंही दाबून धरून होते.

वेटर लगबगीनं आला. "भैया, दीदी, छोड़ दीजिए," तो हसून म्हणाला. "चिपका हुआ है. गिरेगा नहीं."

त्यांनी हात काढले, आणि ते निघून गेले. त्यानंतर ते आलेले नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरीही कधीतरी आवराआवर होईल. कुणी गेल्यावर ती करावीच लागते. अक्षरं, फोटो, नावं असलेल्या वस्तू तुम्ही जपालच, त्यांची मला काळजी नाही. पण हातात एखादा कोरा, बिननावाचा तुकडा आला, तर तो फेकण्याआधी घरातल्या कुणाला तरी एकदा विचारा की याला टेकून काय उभं होतं. ज्ञानदीपला विचारायला त्या दिवशी जया घरी होती, एका फोनच्या अंतरावर.